थांबा कोण ठरवतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, पण बसमध्ये, लोकलमध्ये मोबाईलवर वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय. माझं बोलतानाचं 'अं... म्हणजे...' गाळलंय. बाबांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण हा एपिसोड खरं तर त्यांच्यामुळेच झाला.

झालं असं की, माझा दादा न्यू जर्सीला एडिसनमध्ये राहतो. यंदा मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा त्याच्याकडे चाललेत. दादाने ठरवलं की भाड्याने मोटारहोम घ्यायचं आणि तीन आठवड्यांत न्यू जर्सीपासून पार कॅलिफोर्नियापर्यंत जायचं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास-बाथरूम, सगळं. गाडी दादा चालवणार, वाटेत कुठे काय बघायचं ते मी ठरवायचं. "तू इतिहासवाली ना, मग तूच कर प्लॅन," म्हणाला.

मी हौसेने एक्सेल शीट केली. दऱ्या, धबधबे, लाल खडकांचे डोंगर, सूर्यास्ताचे पॉइंट, एकूण 41 ठिकाणं. प्रत्येकासमोर फोटोची लिंक. प्रिंट काढून बाबांच्या हातात दिली. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "पाणी कुठे भरायचं?"

मी म्हटलं, "बाबा, ते बघू तिथे गेल्यावर."

"आणि संडासची टाकी कुठे रिकामी करायची? गाडी वळवायला जागा किती आहे? रात्री उभी करू देतात का? अगं, ही थांब्यांची यादी नाहीये. ही फोटोंची यादी आहे."

आता ते शंभर टक्के बरोबर होते. मोटारहोमला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक संडासची. पहिली संपते, बाकीच्या दोन भरतात, आणि त्या रिकाम्या करायच्या जागा ठरलेल्या असतात. तिकडच्या जुन्या मोटारहोमवाल्यांचा एक नियम आहे, तीन-तीन-तीन. दिवसाला 300 मैलांपेक्षा जास्त जायचं नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचायचं, आणि एका जागी तीन रात्री राहायचं. म्हणजे निसर्गरम्य ठिकाण नंतर, टाक्या आधी.

पण बाबांच्या प्रश्नाने माझं डोकं दुसरीकडेच गेलं. ही 41 ठिकाणं मी निवडली असं मला वाटत होतं. खरंच मी निवडली होती का? अमेरिकेत रस्त्यावर कुठे थांबायचं हे कोण ठरवत आलंय? एडिसनच्या फोनवरून सुरू झालेला हा शोध मला आमच्या आजोबांपर्यंत घेऊन आला. कसा ते सांगते.

सुरुवात करू 1903 पासून. होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाचा डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात बसलेला असतो. वाद होतो की मोटारगाडी हे नुसतं श्रीमंतांचं खेळणं आहे, तिच्याने देश पार होणार नाही. जॅक्सन 50 डॉलरची पैज लावतो की 90 दिवसांच्या आत न्यूयॉर्क गाठीन. सोबत सीवॉल क्रॉकर हा मेकॅनिक, आणि 20 अश्वशक्तीची विंटन गाडी. 23 मे रोजी निघाले, 26 जुलैला पोचले. 63 दिवस. पन्नासच्या पैजेपायी डॉक्टरसाहेबांचे खर्च झाले 8,000 डॉलर! आयडाहोमध्ये त्यांनी 15 डॉलरना एक बुलडॉग घेतला, बड त्याचं नाव. धूळ डोळ्यांत जाते म्हणून त्यालाही गॉगल घातला. गॉगलवाल्या बडचे फोटो आजही बघायला मिळतात, जरूर शोधा.

मला त्यांचा एक किस्सा फार आवडतो. कॅलिफोर्नियात त्यांनी घोड्यावरून जाणाऱ्या एका बाईला रस्ता विचारला. तिने हात करून एक वाट दाखवली. हे पन्नासेक मैल आत गेले, तर रस्ता एका शेतघरापाशी संपला. परत येताना तीच बाई भेटली. का गं बाई असं केलंस? तर म्हणाली, आमच्या घरच्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती, त्यांना दाखवायची होती! म्हणजे त्या प्रवासात प्रेक्षणीय स्थळ होते हे दोघंच.

1909 मध्ये ॲलिस रॅमसी, वय 22, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. देशभर गाडी चालवत जाणारी पहिली बाई. सोबत आणखी तिघी, पण गाडी चालवता येत होती हिला एकटीलाच. 59 दिवस लागले. त्या काळी नकाशे नव्हतेच म्हणा. 'ब्लू बुक' नावाची मार्गदर्शिका मिळायची आणि त्यात खुणा असायच्या, अमुक रंगाच्या घरापाशी वळा वगैरे. रॅमसीने पुढे आठवण सांगितली की असंच एक पिवळं घर शोधत त्या फिरत राहिल्या, सापडेचना. मालकाला मोटारवाल्यांचा राग होता, म्हणून त्याने घराला हिरवा रंग देऊन टाकला होता!

हसू येतं, पण यात एक गोष्ट दिसते बघा. कुठे थांबायचं, कुठे वळायचं हे रस्त्याकडेच्या माणसाच्याही हातात असतं. तो वाट दाखवू शकतो, किंवा घराचा रंग बदलू शकतो.

याच्या थोडं आधी, 1886 ते 1888, आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या. त्यांचं प्रवासवर्णन 1889 मध्ये मराठीत आलं. त्या रेल्वेने फिरल्या, आणि तेव्हा थांबा ठरवायची रेल्वे कंपनी. यलोस्टोन 1872 मध्येच राष्ट्रीय उद्यान झालं होतं, पण सामान्य प्रवाशाने तिथे काय बघायचं आणि कुठे झोपायचं हे रेल्वे, हॉटेलं आणि घोडागाडीवाले मिळून ठरवत. तिथे मोटारींना परवानगी मिळाली 1 ऑगस्ट 1915 ला. घोडे बुजू नयेत म्हणून मोटारींना वेळापत्रक लावून दिलेलं. दोनच वर्षांत घोडागाड्या बंद झाल्या.

त्याच 1915 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनमधून रोलंड कॉन्क्लिन नावाचा उद्योगपती कुटुंब घेऊन निघाला. तो एका बस बनवणाऱ्या कंपनीचा मालक. त्याने स्वतःसाठी बसचंच घर करून घेतलं. लांबी 25 फूट, वजन 8 टन. आत स्वयंपाकघर, विजेचे दिवे, रेल्वेसारखे झोपायचे बर्थ, पुस्तकांचं लपवलेलं कपाट, फोनोग्राफ, आणि छतावर बसायला बाग! लोक रस्त्यात उभे राहून बघायचे. दादाने बुक केलेली गाडीही 25 फुटी आहे. छतावर बाग नाही, एवढंच.

त्याच्याही पाच वर्षं आधी पिअर्स-ॲरो कंपनीने एक गाडी आणली होती. मागची सीट आडवी केली की पलंग, ड्रायव्हरच्या पाठीमागून उघडणारं बेसिन, आणि गाडीतच शौचाची सोय. श्रीमंतांची ऐश. गाडीतला संडास ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याकडे परत यायचंय.

मग रस्ते आले. 1913 मध्ये लिंकन हायवे जाहीर झाला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. 1926 मध्ये शिकागो ते लॉस एंजेलिस रूट 66. आणि सरकारच्या लक्षात आलं की रस्ता फक्त पोचवण्यासाठी नसतो, दाखवण्यासाठीही असतो. झायन राष्ट्रीय उद्यानात 1930 मध्ये डोंगर फोडून जवळजवळ दोन किलोमीटरचा बोगदा केला, आणि बोगद्याला चक्क खिडक्या ठेवल्या. सुरुवातीला लोक बोगद्याच्या मध्यात गाडी थांबवून खिडकीतून दरी बघायचे. आज तिथे थांबता येत नाही. आणि बोगदा त्या काळच्या छोट्या गाड्यांच्या मापाचा, त्यामुळे मोटारहोम जायचं तर अनेक वर्षं समोरची सगळी वाहतूक रोखून धरावी लागायची. आता तर मोठ्या गाड्या तिथून सोडायच्याच नाहीत असं उद्यानाने ठरवलंय. बाबांनी माझ्या शीटवर झायनसमोर लाल पेनाने 'उंची?' असं लिहिलं होतं, तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. चौतीस वर्षांचा अनुभव गुगलच्या पुढे असतो कधीकधी.

या सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे ब्लू रिज पार्कवे. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतून जाणारा 469 मैलांचा रस्ता. म्हणजे साधारण 755 किलोमीटर. काम सुरू झालं 1935 मध्ये, शेवटचा तुकडा पुरा झाला 1987 मध्ये. स्टॅनली ॲबट हा पंचविशीतला लँडस्केप आर्किटेक्ट त्याची आखणी करत होता. वळण घेतल्यावर दरी कुठून दिसली पाहिजे, कुठली झाडं काढायची, कुठे कुंपण घालायचं, सगळं ठरवून. जाहिरातींचे फलक नकोत, ट्रक नकोत.

याच रस्त्यावर मेब्री मिल नावाची पाणचक्की आहे. पार्कवेवर सगळ्यात जास्त फोटो हिचेच निघतात, माझ्या यादीतही ती नवव्या क्रमांकावर. चक्की खरी आहे, मेब्री कुटुंबाची. पण शेजारी जी लाकडी ओंडक्यांची झोपडी दिसते ना, ती त्यांची नाही. त्यांचं घर चांगलं फळ्यांचं, पांढरं होतं. ते पाडलं आणि दुसरीकडून जुनी ओंडक्यांची झोपडी आणून तिथे बसवली. कारण डोंगरातला माणूस ओंडक्यांच्या झोपडीत राहतो असं बघणाऱ्याला वाटायचं. म्हणजे आपण थांबतो, 'किती अस्सल!' म्हणतो, फोटो काढतो, आणि ते दृश्य आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. मी नववा क्रमांक काढला नाही. चक्की सुंदरच आहे. पण शेजारच्या रकान्यात लिहून ठेवलं.

पार्कवेच्या उत्तरेला शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातून 105 मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह जातो, आणि त्यावर दरी बघायला जवळपास 70 थांबे. उद्यानासाठी तिथली पाचशेच्या आसपास कुटुंबं उठवली गेली. या उद्यानाची माहिती वाचताना मला एक नाव सापडलं, लुईस माउंटन. छोटीशी कॅम्पिंगची जागा, झाडीत. 1939 मध्ये सुरू झाली, फक्त कृष्णवर्णीयांसाठी. राष्ट्रीय उद्यानात, केंद्र सरकारच्या जागेत, गोऱ्यांचे थांबे वेगळे आणि यांचा एक वेगळा. 1950 च्या सुमाराला हे पूर्ण बंद झालं.

इथे मी थांबले. कारण इतका वेळ मी 'थांबा कोण ठरवतं' म्हणत होते, पण 'कोणासाठी' हे विचारलंच नव्हतं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचे पोस्टमन होते. 1936 मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक'. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठलं हॉटेल खोली देईल, कुठे जेवण मिळेल, कुठल्या पंपावर, कुठल्या सलूनमध्ये हाकलणार नाहीत, याची गावोगावची यादी. आधी न्यूयॉर्कच्या आसपासची, मग देशभराची. माहिती गोळा करायला इतर पोस्टमननी मदत केली, कारण कुठल्या गल्लीत कोण राहतं हे पोस्टमनइतकं कोणाला ठाऊक! एसो कंपनीच्या पंपांवर ही पुस्तिका मिळायची. अनेक गावांत हॉटेलच नसायचं, तिथे लोक आपल्या घरातली खोली देत. त्या घरमालकिणींची नावं आणि पत्ते यादीत असत.

आणि जिथे यादीत काहीच नाही तिथे? अशी कितीतरी गावं होती जिथे सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणसाने दिसायचं नाही. मग कुटुंबं घरून डबे भरून निघत, पाणी घेत, पेट्रोलचा जादा कॅन घेत, झोपायला पांघरुणं घेत, आणि शौचासाठी एक डबा किंवा बादली गाडीतच ठेवत. मघाशी म्हटलं होतं ना, गाडीतल्या संडासाकडे परत येऊ? एकीकडे गाडीतच खाणं, झोपणं, शौच ही श्रीमंतांची हौस, आणि त्याच रस्त्यांवर दुसऱ्या कोणाची तीच सक्ती. पहिल्याला इतिहासात मोटारहोम म्हणतात. दुसऱ्याला वेगळं नाव कोणी दिलेलं नाही.

ग्रीन 1960 मध्ये गेले. या पुस्तिकेची गरज संपेल असा दिवस यावा, असं त्यांनी स्वतःच तिच्यात लिहिलं होतं. 1964 मध्ये कायदा झाला, हॉटेलं-खानावळींतला भेदभाव बेकायदेशीर ठरला, आणि 1966-67 चा अंक शेवटचा.

हे सगळं मी रात्री जेवताना बाबांना सांगत होते. बाबा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या आण्णांचं असंच होतं की."

आण्णा म्हणजे माझे आजोबा. बाबा सांगायला लागले. आण्णा बाजाराला, लग्नाकार्याला, जत्रेला पायी किंवा बैलगाडीने जायचे तेव्हा वाटेतली सगळी गावं त्यांना पाठ होती. पण गावं म्हणजे देवळं आणि पार नाही. कुठल्या गावात आपल्या वस्तीत कोण राहतं, कोणाच्या दारात रात्री पथारी पसरता येईल, कुठली विहीर आपल्याला चालते आणि कुठल्या विहिरीकडे बघायचंही नाही. हॉटेलात चहा प्यायचा तर बाहेर वेगळी कपबशी, आणि ती आपली आपण विसळून ठेवायची. म्हणून आण्णा चहा प्यायचेच नाहीत. भाकरी-चटणी आणि पाण्याचा तांब्या घरूनच. "त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं," बाबा म्हणाले, "डोक्यात होतं सगळं."

मी या विषयावर पॉडकास्ट करते आणि हे मला माहीत नव्हतं. घरात कधी कोणी बोललंच नाही.

मग मी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' परत काढलं. छोटंसं आहे, तासाभरात वाचून होतं. त्यात 1934 ची एक सहल आहे. सहलच, मंडळी! बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी बघायला निघाले होते. आणि त्यांना प्लॅन कसा करावा लागला बघा. आडगावी त्रास होऊ नये म्हणून कोण चाललंय हे जाहीर करायचं नाही, आणि जिथे मुक्काम ठरलाय तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या माणसांना आधी कळवायचं. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला उतरले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेलं टाकं. प्रवासाच्या धुळीने अंग भरलेलं, म्हणून काहींनी हातपाय-तोंड धुतलं. टाकं बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

ग्रीन बुक निघालं त्याच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून चालत जाण्याइतकं जवळ.

दौलताबादला मी कॉलेजच्या सहलीत गेलेय. तोफेजवळ उभं राहून फोटो काढलाय. दारात टाकं कुठे होतं ते बघितलंसुद्धा नाही.

बाबांना मी विचारलं, "तुम्हाला एसटीत असताना कधी...?" ते हसले. म्हणाले, "1979 ला लागलो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या थांब्यावर गाडी लावली. हॉटेलवाला स्वतः बाहेर आला, 'या ड्रायव्हरसाहेब, आत या.' खाकी कपडे बघून. ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं, चाळीस माणसं घेऊन येतो ना आपण. मी आत टेबलावर बसलो, स्टीलच्या ग्लासात पाणी. घरी येऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, आत बसलास? आत?"

यावर कोणीच काही बोललं नाही. आईने भात वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शीट परत केली. 41 ची 14 ठिकाणं झाली. नवीन रकाने बाबांचे: पाणी, टाकी, उंची, वळण, सावली. रूट 66 वरचं अँबॉय राहिलं. मोहावे वाळवंटातलं हे गाव 1973 मध्ये नवा महामार्ग बाजूने गेला आणि एका झटक्यात ओस पडलं. बाबांना ते बघायचंय, कारण बायपास झाल्यावर थांबा कसा मरतो हे त्यांनी इथे पाहिलंय. वाटेत मोटेलमध्ये एखादी रात्र काढायची झाली तर बरेचदा काउंटरवर पटेलच भेटतील, कारण तिकडची निम्म्याहून जास्त मोटेलं भारतीयांची, त्यातही गुजराती मंडळींची आहेत. त्यांनाही कधीकाळी शेजारच्या मोटेलवाल्यांच्या 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या सोसाव्या लागल्या होत्या. त्याचा वेगळा एपिसोड करते.

पहिल्या रात्रीचा मुक्काम बाबांनी निवडला. लुईस माउंटन. कॅम्पिंगची जागा आजही चालू आहे, आता सगळ्यांसाठी. एडिसनपासून 300 मैलांपेक्षा जरा जास्त भरतं, म्हणजे पहिल्याच दिवशी तीन-तीन-तीनचा नियम मोडतोय. दादा फोनवर कुरकुरला, "तिथून तर दरीपण नीट दिसत नाही म्हणे, जरा पुढे चांगले स्पॉट आहेत."

बाबा म्हणाले, "ते सकाळी बघू. आधी मला सांग, उत्तरेकडून आलास तर वाटेत बोगदा लागतो. 12 फूट 8 इंचाचा आहे. तुझ्या गाडीची उंची किती? एसीच्या डब्यासकट सांग."

दादा मोजून कळवणार आहे.